शाळेचे आठशे तास आणि घराचे उरलेले वर्ष : मुलांच्या शिक्षणात पालकांचा वाटा

नवी दिल्ली : शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक साधा आकडा आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी शैक्षणिक वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन झाले पाहिजे, असे त्यात नमूद आहे. वर्षाचे एकूण तास ८,७६०. रोजची नऊ तासांची झोप त्यातून वजा केली, तरी मूल वर्षभरात सुमारे ५,४७५ तास जागे असते. म्हणजे कायद्याने ठरवून दिलेले किमान अध्यापन पाहिले, तर प्राथमिक शाळेच्या वाट्याला मुलाच्या जागेपणाचा जेमतेम सातवा हिस्सा येतो. उरलेले सहा हिस्से घर, अंगण, गल्ली आणि आता मोबाइलचा पडदा यांच्यात वाटले जातात.

या सहा हिश्शांचे काय करावे, या प्रश्नाला अनेक कुटुंबे दोनपैकी एक उत्तर देतात. पहिले उत्तर शिकवणीचे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये केलेल्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी त्या शैक्षणिक वर्षात खासगी शिकवणी घेत होते. दुसरे उत्तर घराचीच शाळा करण्याचे. संध्याकाळी वही उघडायची, चुका काढायच्या, रागवायचे आणि अखेर गृहपाठ स्वतःच पूर्ण करून द्यायचा. पहिल्या उत्तराने खिसा हलका होतो, दुसऱ्याने घरातील बोलणे कडू होते. मूल शिकतेच, याची खात्री दोन्हींत नाही.

पालकांचे खरे काम या दोन्हींहून वेगळे आहे. नियमित हजेरी, पुरेशी झोप व अभ्यासाची ठरलेली वेळ, मुलाशी होणारे बोलणे आणि शाळेशी असलेला संपर्क या चार गोष्टी घराशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही. यांपैकी एकीसाठीही पालक पदवीधर असण्याची आवश्यकता नाही. मात्र मूल मोठे होत जाते तसे या चौघींचे स्वरूप बदलत जाते, आणि नेमके तेच अनेकदा लक्षात घेतले जात नाही.

दंडापासून सहभागापर्यंत

मुलाच्या शिक्षणात पालकांचे स्थान काय, याविषयीचा विचार गेल्या शतकभरात बराच बदलला. बडोदा संस्थानाचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात याच हेतूने विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. मूल शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आणणे, हीच तेव्हा पालकांकडून पहिली अपेक्षा होती.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने या वयाच्या पाल्यांना शिक्षणाची संधी देणे, हे पालकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट केले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कामे आहेत. ज्या पालकाला एकेकाळी दंडाची भीती दाखवावी लागली, त्याच्याच हाती शाळेचा हिशेब तपासण्याचा अधिकार आला. तो अधिकार कागदावर राहतो की वापरला जातो, हे मात्र पालक समितीच्या बैठकीस जातात की नाही, यावर ठरते.

तीन ते आठ वर्षे : कानावर पडणारी भाषा

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शालेय शिक्षणाचे चार टप्पे कल्पिले आहेत. त्यांतील पहिला, तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा, पहिलीत प्रवेश घेण्यापूर्वीच सुरू होतो. महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यामागील विचार होता. आज देशभर रूढ असलेल्या अंगणवाडी या शब्दात तो जिवंत आहे.

या वयात घराचे काम एकच, ते म्हणजे मुलाशी भरपूर बोलणे. भाजी निवडताना शेंगा मोजणे, बसच्या पाट्या वाचणे, रात्री गोष्ट सांगणे आणि ती मध्येच थांबवून पुढे काय झाले असेल, असे विचारणे, हा सारा अभ्यासच असतो. शब्दसंग्रह, क्रम लावणे, अंदाज बांधणे आणि लक्ष देऊन ऐकणे या क्षमतांवर पुढील वाचन-लेखन उभे राहते. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पानेच्या पाने अक्षरे गिरवून घेण्याची घाई येथे उपयोगाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार तीन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एक तासापेक्षा अधिक बसू देऊ नये, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे याच वयात भाषेचा प्रश्न उभा राहतो. इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा दिल्ली येथे मूल शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगू अथवा इंग्रजी ऐकते. मुलाचा गोंधळ होईल, या भीतीने काही घरे मराठी बोलणे थांबवतात आणि पालक स्वतःला न येणाऱ्या इंग्रजीत मुलाशी तुटक बोलू लागतात. परिणामी मुलाला कोणत्याच भाषेत समृद्ध वाक्ये ऐकायला मिळत नाहीत. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या विचारानुसार, एका भाषेत पक्की झालेली संकल्पना व वाचनाची समज दुसरी भाषा शिकताना उपयोगी पडते. शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिक्षण असावे, अशी शिफारस केली आहे. शाळेचे माध्यम कोणतेही असो, आजीने मराठीतून सांगितलेली गोष्ट त्या माध्यमाच्या आड येत नाही.

पहिली-दुसरीत गेल्यावर घराने एका गोष्टीवर नजर ठेवावी, ती म्हणजे समजून वाचणे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस वाचन, लेखन आणि अंकज्ञान यावे, हे उद्दिष्ट ठेवले. ‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा आहे, पण चारपैकी सुमारे तीन मुले अद्याप मागे आहेत.

याची चाचणी घरी करता येते. पाठ्यपुस्तकातील धडा अनेक मुलांना ऐकून तोंडपाठ झालेला असतो. त्यामुळे पूर्वी न पाहिलेला चार-पाच ओळींचा मजकूर मुलापुढे ठेवावा. तो वाचून झाल्यावर त्यात काय सांगितले आहे, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर वाचन जमले. तसे न झाल्यास त्याच आठवड्यात शिक्षकांशी बोलावे. तिसरीनंतर पुस्तके वाचायला शिकवत नाहीत. मुलाला वाचता येते, असे ती गृहीत धरतात.

तिसरी ते पाचवी : गृहपाठ कोणाचा?

या टप्प्यात घरात सर्वाधिक वाद गृहपाठावरून होतात. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने याबाबत स्पष्ट मर्यादा सुचविल्या आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीत तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा, सहावी ते आठवीत दिवसाला सुमारे एक तास आणि त्यापुढे दोन तास असावा. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असेही त्यात म्हटले आहे. २५ किलो वजनाच्या मुलाचे दप्तर अडीच किलोंपेक्षा जड असेल, तर पालकांनी वेळापत्रक पाहून अनावश्यक वह्या बाजूला काढाव्यात आणि हा मुद्दा शाळेपुढेही मांडावा.

गृहपाठ मुलाचा असतो, पालकांचा नव्हे. त्यासाठी जागा, वेळ आणि शांतता देणे हे घराचे काम. स्वतंत्र खोली नसली तरी चालते. त्या अर्ध्या तासात दूरचित्रवाणी बंद राहणे अधिक महत्त्वाचे. मूल अडले, तर उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न पुन्हा वाचायला सांगावा, कुठपर्यंत समजले ते विचारावे. तरीही न सुटल्यास तो भाग कोरा सोडून ‘हे जमले नाही’ असे वहीत लिहू द्यावे. चुकलेली वा अपुरी वही पाहून शिक्षकाला मुलाची अडचण कळते. पालकांनी पूर्ण करून दिलेली स्वच्छ वही ती अडचण झाकून टाकते.

कौतुकाचीही एक रीत आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीच्या वयाच्या मुलांच्या एका गटाला ‘तू हुशार आहेस’ असे, तर दुसऱ्या गटाला ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगण्यात आले. पुढे कठीण प्रश्नांत अपयश आल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले टिकून राहिली. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा गेल्या महिन्यातील वही आणि या महिन्यातील वही शेजारी ठेवून दाखविणे अधिक उपयुक्त ठरते.

हजेरीचा हिशेबही याच वयात मनावर बिंबतो. लग्न, जत्रा, पाहुणे अशा कारणांनी महिन्याला दोनच दिवस शाळा बुडाली, तरी दहा महिन्यांत वीस दिवस जातात. दोनशे दिवसांच्या वर्षाचा तो दहावा हिस्सा होय. गणितासारख्या विषयात बुडालेला एक धडा पुढील तीन धडे अवघड करून ठेवतो.

सहावी ते आठवी : न दिसणारी घसरण

सहावीपासून शाळेची रचना बदलते. एका वर्गशिक्षकाऐवजी विषयवार शिक्षक येतात आणि संपूर्ण मुलाला रोज पाहणारी एकच व्यक्ती शाळेत उरत नाही. मूलही घरी कमी बोलू लागते. अपूर्णांक कच्चे राहिले असतील, तर सातवीच्या बीजगणितात ते उघडे पडतात; पण तोवर ‘मला गणित जमतच नाही’ असे मुलाने ठरवून टाकलेले असते. त्यामुळे या टप्प्यात गुणांपेक्षा पाया तपासणे आवश्यक ठरते.

आता सारे पुढच्या वर्गात जातात, हा समजही सर्वत्र खरा राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, अनुत्तीर्ण मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावयाची आहे. त्यातही निकष पूर्ण न झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता मात्र येत नाही. वर्गशिक्षकाने आवश्यकतेनुसार अशा मुलाच्या पालकांनाही मार्गदर्शन करावे, असे हे नियम सांगतात. राज्याराज्यांची भूमिका याबाबत वेगळी असल्याने आपल्या शाळेत कोणता नियम लागू आहे, हे वर्षाच्या प्रारंभीच विचारून घेणे हिताचे.

शिष्यवृत्तीची एक महत्त्वाची संधी आठवीतच येते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजनेत शासकीय, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतील, साडेतीन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना परीक्षेद्वारे नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दरवर्षी देशभरात एक लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. अर्जाची मुदत आणि उत्पन्नाचा दाखला यांची विचारणा आठवीचे वर्ष सुरू होताच केली, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

याच वयात अनेक मुलींच्या वाट्याला धाकट्या भावंडाची आणि स्वयंपाकाची जबाबदारी येते, तर मुलांना दुकानात वा शेतात हाताशी घेतले जाते. कुटुंबाच्या व्यवसायात धोकादायक नसलेली मदत शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत करण्यास कायदा मुभा देतो. शाळा बुडवून नव्हे. ‘एकच दिवस घरी राहा’ असे म्हणता म्हणता मुलीची शाळा कधी सुटते, ते घरालाही कळत नाही.

ऊसतोड वा बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी कायद्यातील काही तरतुदी लक्षात ठेवाव्यात. शाळा बदलण्याचा मुलाला हक्क असून मुख्याध्यापकाने दाखला तातडीने द्यावयाचा असतो. दाखला यायला उशीर झाला, वयाचा पुरावा नसला किंवा प्रवेशाचा काळ उलटून गेला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांचीही सोय केली जाते; फडावर निघण्यापूर्वी त्याची चौकशी मुख्याध्यापकांकडे करता येते.

नववी ते बारावी : मागे उभे राहण्याचे वय

चौदा वर्षांनंतर पालकांनी वही तपासण्याचे दिवस संपतात. आता मुलाला हवा असतो निर्णय घेताना ऐकून घेणारा माणूस. विज्ञान, वाणिज्य, कला की व्यवसाय शिक्षण, हा प्रश्न दहावीच्या निकालाच्या दिवशी सोडवायचा नसतो. नववीपासूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन, परिचारिका अभ्यासक्रम, शेतीविषयक शिक्षण अशा वाटांवरील माणसांना मुलाने भेटावे, याची व्यवस्था घराने करावी. नात्यागोत्यातील एखादा तारतंत्री किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ जे अर्ध्या तासात सांगेल, ते माहितीपत्रकात सापडत नाही.

शिकवणीचा दबाव याच काळात शिगेला पोहोचतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग संस्थांनी सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, चांगल्या गुणांची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत आणि विद्यार्थ्याने मध्येच शिक्षण सोडल्यास उर्वरित काळाचे शुल्क परत करावे, अशी अपेक्षा आहे. कर्ज काढून शुल्क भरण्यापूर्वी या सूचना वाचणे आणि त्याआधी मुलाला तो अभ्यासक्रम खरोखर हवा आहे का, हे विचारणे आवश्यक आहे.

मोबाइलविषयीही सरसकट बंदी किंवा मोकळीक, दोन्ही उपयोगी नाहीत. ‘असर २०२४’ नुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. फोन रात्री एका ठरलेल्या जागी ठेवण्याचा नियम पालकांनी स्वतःलाही लावून घेतला, तर तो टिकतो. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या २०१६ च्या शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करून मिळविलेले दोन तास दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिकेपुढे परत करावे लागतात.

निकाल मनासारखा न लागल्यास मार्ग संपत नाही, हे घराने निकालापूर्वीच सांगितलेले असावे. पुरवणी परीक्षा आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय घेतला आहे. मूल अचानक गप्प झाले, जेवण-झोप बिघडली, निराशेचे बोलू लागले, तर अभ्यासाची चर्चा बाजूला ठेवावी. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. पालकांनाही तेथे सल्ला घेता येतो.

पालकसभेत काय विचारावे

पालकांसमवेत नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणे, हे शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे. तरीही अनेक पालकसभा प्रगतिपुस्तकावरील सहीपुरत्या उरतात. ‘अभ्यासात कसा आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे, लक्ष द्या’ असेच उत्तर मिळते. प्रश्न नेमका असेल, तर उत्तरही नेमके येते. मुलगा न शिकविलेला उतारा स्वतः वाचतो का? गणितात नेमका कोठे अडतो? वर्गात प्रश्न विचारतो का? डबा कोणाबरोबर खातो? या सहामाहीत किती दिवस गैरहजर होता? घरी कोणती एक गोष्ट करावी? हे सहा प्रश्न पाच मिनिटांत विचारून होतात. डब्याचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण वर्गात एकटे पडलेले मूल त्यातूनच कळते.

सभेस केवळ आईनेच जावे, हा प्रघातही बदलायला हवा. वडिलांनी वर्षातून दोनदा जरी शाळेची पायरी चढली, तरी आपले शिक्षण साऱ्या घराचे आहे, हे मुलाला न सांगता कळते.

शाळेत मारहाण वा मानसिक छळ होत असल्यास कायद्याच्या कलम १७ नुसार त्यास मनाई आहे आणि पालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली पाहिजे. हाच न्याय घरालाही लागू पडतो. माराच्या भीतीने मूल पाढे म्हणेल. पण न समजलेली गोष्ट सांगण्याचे धाडस ते गमावून बसेल.

पालक शिकलेले नसतील तर

‘आम्हीच शिकलो नाही, आम्ही काय शिकविणार?’ ही खंत देशातील लक्षावधी घरांत ऐकू येते. करोनाकाळात, जून २०२१ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने घरच्या शिक्षणात पालकांच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पालक कितपत साक्षर आहेत, याचा विचार न करता त्यांना मुलांच्या शिक्षणात सहभागी होता यावे, हा त्यांचा आधार होता.

त्यामागे ठोस कारण आहे. अमेरिकेतील संशोधक हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर न पाहता आठवणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. हे तंत्र वापरण्यासाठी पालकांना अक्षरओळख लागत नाही. दिवसभर भाजी विकून आलेली आई पुस्तक मिटून मुलीला म्हणू शकते, ‘आज काय शिकलीस, मला समजावून सांग.’ मुलगी अडखळली, तर पुस्तक उघडून पाहील आणि पुन्हा सांगेल. आईला उत्तर माहीत नसणे येथे उणीव ठरत नाही. ज्याला माहीत नाही, त्याला समजावून सांगताना मुलीला स्वतःची समज तपासावी लागते. रोजच्या विक्रीचा हिशेब मुलीकडून करून घेतला, तर तेच गणित व्यवहारात उतरते.

मूल मागे पडत असेल तर

सर्व प्रयत्न करूनही मूल वाचताना अक्षरे उलटसुलट करते, फळ्यावरचे नीट उतरवत नाही, किंवा तोंडी उत्तरे अचूक देऊनही लेखनात सतत चुकते, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यानंतर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांना परीक्षेत अतिरिक्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. तपासणी जितकी लवकर, तितकी मुलाची स्वतःविषयीची समजूत कमी बिघडते.

शालेय जीवनाच्या बारा-पंधरा वर्षांत पालकांची भूमिका अशी क्रमाने बदलते. आरंभी मुलाचे बोट धरावे लागते, नंतर शेजारून चालावे लागते आणि अखेरीस चार पावले मागे राहून त्याने वळून पाहिल्यास दिसेल, असे उभे राहावे लागते. पहिलीतल्या मुलाला एकटे सोडणे आणि बारावीतल्या मुलाचे बोट न सोडणे, या दोन्ही चुका प्रेमापोटीच होतात. शाळेच्या आठशे तासांवर पालकांचे थेट नियंत्रण नाही. उरलेल्या वेळेतील रोजचा अर्धा तास मात्र त्यांच्या हातात आहे. वर्षभरात त्याचे १८२ तास होतात, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही.